नवशिक्यांच्या काकू

“मरायची घाई काऊन करता बे?”

असं म्हणत काकू खुर्चीच्या पाठीवर बोटांच्या पेरांनी टकटक करायच्या. खेळणाऱ्याचा माऊसवरचा हात थबकायचा. तोवर त्याचा पडद्यावरचा अवाढव्य लोखंडी रोबो भर मैदानात गोळ्या खाऊन गुडघ्यावर आलेला असायचा. “पाह्य, गेला ना? तिकडं कोणी बलावलं होतं तुले?” एवढं बोलून त्या पुढच्या खुर्चीकडे वळायच्या.

गल्लीत एखादी बाई अशी असते, की तिला विचारल्याशिवाय कोणी लोणचं घालत नाही. तुम्हीही पाहिली असेल. मलकापुरात स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत अशीच एक बाई होती. फक्त तिला विचारायला यायचे ते रोबोंच्या लढाईत नव्याने उतरलेले लोक.

मी तेव्हा एका जिनिंगच्या ऑफिसात कामाला होतो. कापसाचा हंगाम संपला की दुपारी फारसं काम नसे. ई-मेल पाहायच्या निमित्ताने मी काकूंच्या नेट कॅफेत जाऊन बसायचो. मोबाइलवर नेट आलेलं नव्हतं, त्यामुळे अर्ज भरणारे, निकाल पाहणारे, रेल्वेचं तिकीट काढणारे असे सगळे तिथेच जमायचे. आणि मागच्या रांगेत ते खेळणारे. हळूहळू मीही त्यांच्यातलाच झालो.

कॅफे खरं तर काकांचा. एका सकाळी दुकानाचं शटर उचलतानाच त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, पाय ओढत चालावं लागू लागलं आणि बोलणं अडकू लागलं. काकू धामणगाव बढ्याच्या शेतकरी घरातल्या, शाळा दहावीपर्यंत. कॉम्प्युटरला त्यांनी तोवर धूळ पुसण्यापुरताच हात लावलेला. पण दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं. काकांना आत पलंगावर बसवून त्या गल्ल्यावर आल्या. दुकानाच्या मागच्याच खोलीत त्यांचं घर होतं.

तो खेळ सांगायला सोपा होता. दोन टोळ्या. प्रत्येक खेळाडू चार मजली इमारतीएवढ्या रोबोच्या छातीत बसलेला. रोबोला तोफा, बंदुका. समोरच्याचा हात तुटतो, पाय तुटतो, आणि तरी तो लंगडत लढतो. सतत गोळीबार केला तर यंत्र तापून आपोआप बंद पडतं आणि मग ते उघड्यावर खांबासारखं उभं राहतं. शेवटी ज्या टोळीचा एखादा तरी उभा, ती जिंकली. समोरचे लोक नागपूरचे, पुण्याचे, कधी कुठल्या परदेशातले. हेडफोनवरून एकमेकांशी बोलत खेळायचं.

सुरुवातीला काकू गल्ल्यावरून नुसत्या पाहायच्या. पोरं एवढी ओरडतात कशाला, हे त्यांना कळत नव्हतं. एक दिवस एका कॉलेजच्या पोराच्या मागे त्या चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. तो एकटाच पुढे धावला आणि मेला. पुढच्या डावात पुन्हा धावला, पुन्हा मेला. तिसऱ्यांदा काकूंना राहवलं नाही. “अरे, तुह्ये सोबती मागं उभे हायेत अन् तू एकटा वरातीत नाचल्यासारखा पुढं काऊन जातं?” सगळे हसले. पोरगा मात्र थांबला. त्या डावात तो शेवटपर्यंत जगला.

मग काकू स्वतः बसल्या. दुपारी कॅफे रिकामा असायचा तेव्हा. पहिले काही दिवस त्यांचा रोबो भिंतीलाच टकरा देत होता. पाय एका दिशेला आणि छाती दुसऱ्या दिशेला वळते, हे त्यांना उमगेना. “ह्याच्यापेक्षा आमचा मारका बैल बरा होता,” त्या मला म्हणाल्या. “थो निदान तोंड करीन तिकडंच जायचा.” त्यांनी निवडला तो खेळातला सगळ्यात जाडा, सगळ्यात संथ रोबो. आम्ही म्हणालो, काकू, चपळ घ्या. त्या म्हणाल्या, “मले कुठं पळून जायचं हाये?”

वर्षभरात त्या संथ रोबोला आमच्या भागात सगळे ओळखू लागले.

त्यांची शिकवायची रीत वेगळी होती. नवा माणूस आला की पहिला दिवस गोळी झाडायची नाही. नुसतं चालायचं. टेकडी चढायची, उतरायची, भिंतीआड उभं राहायचं, मान वळवून पाहायचं. लोक वैतागायचे. एका विमा एजंटाने विचारलं, “काकू, मग मारायचं कधी?” काकू म्हणाल्या, “आधी उभं राह्यता तर येऊ दे. मारणं काय, बोट दाबलं की होते.”

तोफा तापल्या की त्या मोटारपंपाची आठवण द्यायच्या. “विहिरीत पानी नसलं अन् मोटर चालूच ठेवली तं काय होते? जळते ना? मंग? मार, थांब, थंडी होऊ दे, मंग मार.” वार चुकवता येत नसला तर तो खांद्यावर घ्यायचा, छातीवर नाही. आज हा रोबो, उद्या तो, असं करायचं नाही. एकच धरायचा आणि त्याच्या खोडी शिकायच्या. आणि हरल्यावर समोरच्याला शिवी द्यायची नाही. या एका बाबतीत त्या कडक होत्या. एकाने शिवी दिली तेव्हा त्यांनी त्याचं मशीनच बंद केलं आणि म्हणाल्या, “जाय, घरी जाऊन जेवून ये. उपाशी पोटी मानूस असंच बोलते.”

तो खरंच जेवून आला.

त्या सुमारास मूळचा वरवट बकालचा एक तरुण कॅफेत येऊ लागला. मलकापुरात एका औषधाच्या दुकानात तो नोकरीला होता. बोलताना अडखळायचा. शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जीभ अडायची आणि मान एका बाजूला झुकायची. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायचं काम त्याला देतच नसत. मागे खोकी लावायचा. इथे खेळायला बसला तर हेडफोनवर पलीकडचे लोक त्याची नक्कल करत. मग त्याने बोलणंच सोडलं. पण या खेळात शत्रू कुठून येतोय हे सोबत्यांना सांगावंच लागतं. न सांगणाऱ्याला कोणी टोळीत घेत नाही.

काकूंनी त्याला आपल्या शेजारी बसवलं. “माइकवर बोट वाजव,” त्या म्हणाल्या. “एक वाजवलं तं डावीकडं, दोन वाजवले तं उजवीकडं. बोलायचं वाटलं तं बोल. नाई वाटलं तं नको बोलू.”

त्याला त्यांनी लहान, चपळ रोबो दिला. पुढे जाऊन पाहून यायचं काम. तो टक् करायचा आणि काकूंचा पहाडासारखा रोबो डावीकडे वळायचा. टक्-टक्, आणि उजवीकडे. त्या दोघांची जोडी अशी जमली की आमच्या टोळीला लोक घाबरू लागले.

कधीकधी मात्र त्याला बोलायचं असे. तेव्हा आमच्यातला कोणीतरी त्याचा शब्द पुरा करायला जाई. काकू लगेच हात वर करत. “त्याचं होऊ दे.” त्याचा शब्द यायला वेळ लागायचा. काकू पडद्यावरची नजर न काढता, पण पूर्ण कान देऊन थांबायच्या. आतल्या खोलीत काकांचंही बोलणं तसंच अडकत, तुटत येत असे. त्या घराला थांबायची सवय होती.

मग एक स्पर्धा जाहीर झाली. आधीचे सामने आपापल्या गावातून खेळायचे आणि जिंकत जाणाऱ्यांनी शेवटच्या फेरीला नागपूरला जायचं. तिथे मोठा मंडप, भिंतीएवढे पडदे. आम्ही एकेक करत वर सरकलो. नागपूरच्या अलीकडचा शेवटचा सामना उरला आणि गल्लीत जणू लग्नघर झालं. विमा एजंटाने नवा शर्टही शिवायला टाकला.

सामना रविवारी दुपारी होता. समोरच्या टोळीचा म्होरक्या शहरातला. सामन्याआधी सगळ्यांना ऐकू जाईल अशा माइकवर काकूंचा आवाज ऐकला आणि तो हसला. “आंटी, खाना बन गया क्या?”

“बन गया,” काकू म्हणाल्या. “तू खाके आया ना बाप्पा? बाद में भूक नहीं लगेगी.”

आम्ही हसलो आणि हेडफोन नीट बसवले.

डाव लांबला. आमचे एकेक पडले. मीही पडलो आणि उठून काकूंच्या मागे जाऊन उभा राहिलो. शेवटी काकू आणि तो वरवट बकालचा, असे दोघेच उरले. समोरचाही एकच, तो म्होरक्या. काकूंच्या रोबोचा एक हात गेलेला, एक पाय फरपटत होता. आतून काकाही भिंत धरत धरत दारात येऊन उभे राहिले होते.

म्होरक्या दिसेनासा झाला. काकू एका पडक्या कारखान्याजवळ थांबल्या. तो तरुण पुढच्या टेकडीवरून पाहत होता. एकदम तो खुर्चीत ताठ झाला. त्याचं बोट माइकवर गेलं आणि तिथेच राहिलं. शत्रू डावीकडे नव्हता, उजवीकडेही नव्हता. काकूंच्या पाठीमागे होता. मागच्या बाजूसाठी त्यांनी खूणच ठरवली नव्हती.

त्याची मान झुकली. “म... म...”

आम्हा सगळ्यांना कळलं. कोणीतरी ओरडणार तेवढ्यात काकूंचा हात वर गेला. “त्याचं होऊ दे.”

“म... म... मा...”

पडद्यावर मागून पहिला गोळा आला. काकूंचा रोबो हादरला.

“मागं! काकू, मागं!”

काकू वळल्या. फार उशीर झाला होता. दुसऱ्या गोळ्याने त्यांचा रोबो कोसळला. तो तरुण टेकडी उतरून धावत आला, एकट्याने लढला, आणि थोडक्यात हरला.

विमा एजंट डोक्याला हात लावून बसला. “काकू, तुम्हाले तं कळलंच होतं ना! वळायचं ना मंग!”

काकूंनी हेडफोन काढला. “कळलं होतं.”

“मंग?”

“थो सांगू राह्यला होता ना बे,” काकू म्हणाल्या. “त्याचं मधीच तोडून मी वळली असती, तं पुढच्या वेळी त्यानं तोंडच उघडलं नसतं.”

तो तरुण कीबोर्डकडे पाहत होता. काकूंनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चहा ठेवायला आत गेल्या. जाताना काकांना हात देऊन त्याच्याच शेजारी बसवलं. काका त्याच्याकडे पाहून बराच वेळ ओठ हलवत राहिले आणि मग म्हणाले, “चां...चांगलं.” तो थांबून राहिला, त्यांचा शब्द पुरा होईपर्यंत.

नागपूर हुकलं. पण पुढच्या आठवड्यापासून तो माइकवर बोलू लागला. अडखळायचा तसाच. पण नव्या खेळाडूंना चालायला शिकवायचं काम काकूंनी त्याच्याकडे सोपवलं आणि ते लोक त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबायचे, कारण दुसरा इलाजच नव्हता. काही महिन्यांनी औषधाच्या दुकानातही तो पुढच्या काउंटरवर दिसला. एका म्हातारीला गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावत होता, आणि म्हातारी त्याच्यापेक्षाही सावकाश ऐकत होती.

पुढे मोबाइलवर नेट स्वस्त झालं. अर्जवाले गेले, तिकीटवाले गेले. मागची रांगही विरळ झाली. काका वारले. काकूंनी कॅफे आवरला आणि त्या धामणगावला भावाकडे राहायला गेल्या. माझीही बदली झाली. मध्ये कधीतरी त्या वारल्याचं कळलं, तेही उशिरा. ज्या बाईने आम्हाला उभं राहायला शिकवलं, तिला पोहोचवायला आमच्यातला कोणीच नव्हता.

पण मला त्या आठवतात त्या निराळ्याच एका संध्याकाळच्या. तेव्हा काका होते, कॅफे होता. खेळ चालवणाऱ्या कंपनीने तो कायमचा बंद करायचं ठरवलं होतं. त्या संध्याकाळी सर्व्हर थांबणार होता. कुठून कुठून लोक आले होते. कोणी गोळी झाडत नव्हतं. दोन्ही टोळ्यांचे रोबो मैदानात नुसते उभे होते, लग्नानंतर मांडवात रेंगाळणाऱ्या पाहुण्यांसारखे.

तेवढ्यात एक छोटा रोबो धावत आला आणि काकूंवर धडाधड गोळ्या झाडू लागला. त्याच दिवशी पहिल्यांदा आलेला कोणीतरी. त्याला काही माहीतच नव्हतं. सगळ्यांच्या तोफा त्याच्याकडे वळल्या.

“मारू नका बे,” काकू म्हणाल्या. “नवा हाये.”

आणि त्यांनी त्याला चालायला शिकवायला घेतलं. छाती इकडे, पाय तिकडे. तो पडत होता, उठत होता.

मी म्हणालो, “काकू, खेळ तर आत्ता बंद होतो. आज शिकून तो काय करणार?”

“आजच आला ना थो? मंग आजच शिकील.”

मैदानाच्या टोकाला एक उंच टेकडी होती. त्या त्याला घेऊन तिकडे निघाल्या. पुढे त्यांचा जाडा रोबो, मागे तो छोटा. तो घसरला की त्या थांबायच्या. शेजारी काका डाव्या हाताने खुर्ची धरून पाहत होते. टेकडी अर्धी राहिली असेल, तेव्हा पडदा काळा झाला.

काकूंनी हेडफोन काढला, पदराने डोळ्यांखालचा घाम पुसला आणि काकांकडे वळून म्हणाल्या, “चढला असता थो.”