बाहेरच्या कक्षेतला एकटा इलेक्ट्रॉन

शिकवलेलं मुलं विसरतात, पण वर्गातले घोटाळे बाईंच्या डोक्यात साठत जातात. ऐंशीच्या दशकात बोईसरच्या एका शाळेत मी दहावीला केमिस्ट्री शिकवायचे. एकट्या 'रासायनिक बंध' या धड्याचेच किस्से किती!

तिसऱ्या वर्षी मी सांगितलं, "बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन झाले की अणू तृप्त! मग तो कुणात मिसळत नाही. उदाहरण?"

मला 'निऑन' हवं होतं. मनोरचा दामू उठला, "हेडसर!"

वर्ग हसला, मी हसले आणि मागे दारात उभे असलेले हेडसरही हसले. तीन वर्षांत पहिल्यांदाच!

मग क्लोरीन आला. दोन अणू, दोघांच्या बाहेरच्या कक्षेत सात-सात इलेक्ट्रॉन. एकेक मध्ये ठेवून शेअर करायचा, दोघांचे आठ!

चाचणीत दामूची मान शेजाऱ्याच्या पेपरात. मी ओरडले, तर म्हणतो कसा, "बाई, कॉपी नाय, शेअरिंग हाय!"

शेजाऱ्याचा पेपर पाहिला. कोरा!

एकदा इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी विचारलं, "बॉण्ड कसा तयार होतो?"

एका मुलीच्या वडिलांनी कारखान्यात नोकरीचा बॉण्ड लिहून दिला होता. ती ठसक्यात म्हणाली, "स्टॅम्पपेपरवर!"

साहेबांनी शेरा लिहिला, 'व्यवहारज्ञान उत्तम.'

आणि किनाऱ्यावरच्या नवापूरची कुंदा. हुशार पोर. एक दिवस तिची आई मासळीची टोपली घेऊन थेट वर्गात आली.

"बाई, हिला नेते. शाळा बस झाली. मासली सुकवायला मानूस नाय."

फळ्यावर सोडियम आणि क्लोरीन काढलेले होते. आईनं विचारलं, "ह्ये काय?"

"मीठ," कुंदा म्हणाली.

"मीठ? माजा जन्म गेला मिठात! ह्ये कसलं मीठ?"

कुंदा रडवेली होती, तरी फळ्यापाशी गेली. "आये, ह्यो सोडियम. आतले धा इलेक्ट्रॉन जाग्यावरच ऱ्हातात. भायेरचा ह्यो एकटा क्लोरीनकडं जातो. तवा मीठ होतं."

"आन् तो गेलाच नाय तर?"

"तर मीठच नाय."

आईनं फळ्यावरच्या त्या एकट्या इलेक्ट्रॉनकडे पाहिलं, मग कुंदाकडे. मग टोपली उचलून म्हणाली, "बाई, उद्या पन ह्येच शिकवनार?"

"नाही, उद्या पुढचं."

"मंग हिला पाठवते. पुडचं मला घरी येऊन सांगल."