चार वॉकरांचा मांडव

राहनाळच्या गोदामांमागे आमचा वृद्धाश्रम होता आणि मी तिथली उपक्रम ताई होते. म्हणजे म्हाताऱ्यांना दुपारी चार ते सहा आनंदी ठेवायचं. उरलेल्या बावीस तासांच्या आनंदाची जबाबदारी संस्थेने कुणावरच टाकली नव्हती.

मग संस्थेला नियमांची लागण झाली. ठाण्याहून एक सल्लागार आले आणि जाड नियमावली ठेवून गेले. सहा वर्षं मी गाण्याच्या भेंड्या खेळवत होते. त्या विनापरवाना होत्या हे तेव्हा कळलं. परवान्यासाठी सहा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, त्यात वृद्धांसमोर टाळ्या कशा वाजवाव्यात यावर एक अख्खी सकाळ गेली. परवाना एका वर्षाचा. नूतनीकरणाला एक सांस्कृतिक कार्यक्रम करून दाखवायचा आणि ‘परंपरेनुसार पूर्णपणे पार पडला’ यावर समितीच्या तिघांनी सही करायची. पंधरा दिवस आधी फॉर्म, आग नको, लाउडस्पीकर नको, तळण नको. भावना अनावर होतील असंही काही नको.

त्याच नियमावलीत आणखी एक कलम होतं. पुरुष आणि बायका एका इमारतीत राहणार नाहीत. महिनाअखेर पुरुषांना वाडा तालुक्यातल्या नव्या इमारतीत हलवायचं. सवलत फक्त नवरा-बायकोला.

आमच्याकडे नारपोलीत चाळीस वर्षं लूमवर माग दुरुस्त करणारे जॉबर असलेले एक बाबा होते आणि मुरबाडकडच्या खेड्यातली एक मावशी. दोघांचंही माणूस कधीच गेलेलं. मावशी गोधड्या शिवायची, पण मोतीबिंदूमुळे तिला सुईचं नेढं दिसत नसे. बाबांनाही दिसत नसे, मात्र त्यांच्या बोटांना धाग्याची सवय होती. चार वाजले की मावशी न बघता सुई पुढे करायची आणि बाबा ती ओवून परत द्यायचे. बोलणं फारसं नाहीच.

हलवण्याची बातमी आली त्या दिवशी मावशीने होत्या तेवढ्या सगळ्या सुया आणल्या. वीसेक असतील. म्हणाली, “समद्या ववून ठेवा. फुडं लागतील.” बाबा खाली मान घालून ओवत बसले. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी कार्यालयात जाऊन भांडले. चिटणीस साहेब म्हणाले, “मॅडम, नियम सगळ्यांना सारखा. तुमचं नूतनीकरण पण याच महिन्यात आहे ना?”

भांडण सोडून मी माझ्या कार्यक्रमाला लागले. वळ गावची एक आगरी आजी आमच्याकडे होती, जुनी धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून सगळे विधी धवले गाऊन लावणारी बाई ती. म्हटलं, हिचे दोन धवले ऐकवले की तिघांच्या सह्या मिळाल्या.

आजी भडकली. “धवला म्हंजे तुजी भेंडी हाय काय? नवरा-नवरी बसल्याबिगर मी न्हाय गात.”

“खोटे बसवू की, आजी.”

“तू खोटे बसव. मी गाईन तो खराच.” मग म्हणाली, “ती सुईवाली आन तो लूमवाला, त्यांना बसव.”

मला वाटलं, ताठ बसू शकणारी तीच दोघं आहेत म्हणून. मावशीला विचारलं, तर “बसंन की” म्हणून ती ठेवणीतलं लुगडं उन्हात टाकायला गेली. बाबा म्हणाले, “अपुन बसेगा ताई, ड्युटी समजो.” पण त्या दिवशी त्यांनी दोनदा दाढी केली. सगळ्या आश्रमाला कळत होतं. परवानाधारक मी तेवढी अडाणी.

फॉर्मवर मी ‘लग्नविधी प्रात्यक्षिक’ लिहिलं. हळदीला डॉक्टरचं पत्र मागितलं गेलं, खाज येत नसल्याचं. मांडवाचे बांबू तात्पुरतं बांधकाम ठरले, म्हणून चार वॉकर उभे करून त्यांना आंब्याचे टहाळे बांधले. आगीची मनाई ऐकून आजी म्हणाली, “आग कशाला, मी हाय ना.”

चिटणीस साहेबांसह समितीचे तिघे पुढे बसले आणि आजी गायला लागली. आवाज फाटलेला, तरी एकेका गावदेवाला नाव घेऊन बोलावताना कुणाची खोकण्याची टाप नव्हती. अर्ध्या तासाने चिटणीस घड्याळ बघून उठले. “बस खाली,” आजी धवल्यातच म्हणाली, “लगीन अर्धवट टाकून उठतात काय?” साहेब बसले. माळा घालताना बाबा हातानेच अंदाज घेऊ लागले, तेव्हा मावशीनेच मान पुढे केली.

तिघांनी सह्या केल्या. परंपरेनुसार, पूर्णपणे.

आजी म्हणाली, “आता यांची खोली कुठची?”

साहेब हसले. “आजी, हे नाटक होतं.”

“नाटक तुमी केलात. मी लगीन लावलाय. वीस वर्षांची व्हते तवापासून लावतंय, एक बी मोडला न्हाय.”

आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेब माझ्याकडे वळले. माझा फॉर्म त्यांच्या हातात होता. “मॅडम, तुम्हीच सांगा यांना. प्रात्यक्षिक होतं ना?”

हो म्हटलं असतं तर परवाना मिळाला असता. मावशीने बाबांच्या सदऱ्याची बाही धरली होती. मी म्हटलं, “पूर्णपणे पार पडलं, साहेब. तुम्हीच सही केलीय.”

आठवड्याने पत्र आलं, शिक्क्यासकट. ‘आपण संस्थेच्या आवारात पूर्वपरवानगीविना दोन निवासींचे लग्न लावल्यामुळे आपल्या परवान्याचे नूतनीकरण नाकारण्यात येत आहे.’ मी ते तीनदा वाचलं आणि हसत सुटले. पत्र घेऊन तशीच कार्यालयात गेले आणि नवरा-बायकोच्या सवलतीचं कलम उघडून त्यावर ते ठेवलं. साहेबांनी आधी पत्र वाचलं, मग कलम, मग पत्राखालची स्वतःची सही. चाकाच्या खुर्च्या ठेवायची खोली दुसऱ्या दिवशी त्या दोघांसाठी रिकामी झाली.

नोकरी गेली. निघताना मी ते पत्र मावशीला दिलं, कारण त्यांच्या लग्नाचा तेवढा एकच कागद होता. तिने ते घडी करून अर्धवट गोधडीच्या दोन थरांमध्ये ठेवलं आणि न बघता सुई पुढे केली. बाबांनी ओवून दिली.