अरबाबच्या रायफलचा बोल्ट

त्या रायफलची आठवण निघाली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणजे रायफलची कसली, तिच्या मालकाची!

आमचे हे तिकडे आखातात, शुवैखमधल्या एका वर्कशॉपात मशिनिस्ट होते आणि मी हॉस्पिटलात नर्स. वर्कशॉपच्या मालकाला सगळे अरबाब म्हणायचे. त्याच्या दिवाणियात, म्हणजे पुरुष पाहुण्यांच्या बैठकीत, एक जुनी इंग्रजी लष्करी रायफल टांगलेली असायची, त्याच्या वडिलांची. लग्नाआधी हे आपल्याकडे रायफलींच्या सरकारी कारखान्यात तपासणीला होते, म्हणून अरबाब ती ह्यांना पुन्हा पुन्हा कौतुकाने दाखवायचा.

नव्वदच्या ऑगस्टात इराकी सैन्य घुसलं. ज्याच्या घरात हत्यार सापडेल त्याची धडगत नव्हती. अरबाबने रायफल खोलली, नळी आणि लाकूड बागेत पुरलं, आणि बोल्ट फडक्यात गुंडाळून आमच्या फ्लॅटवर आणला. बोल्ट म्हणजे गोळी आत ढकलणारा, मागेपुढे सरकणारा लोखंडी दांडा. तो नसला की रायफलची काठी होते. "तुम्ही हिंदी लोक, तुमच्याकडे कोण बघणार?" असं म्हणाला आणि निघून गेला. आमच्या जिवाचं काय, हे विचारायची त्याला गरज वाटली नाही.

आणि बघितलं की! शिपाई आले, तूरडाळ फरशीवर ओतली, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातले, जाताना टेपरेकॉर्डर उचलून नेला. बोल्ट माझ्या सॅनिटरी नॅपकिनच्या खोक्यात होता. त्या खोक्याला मात्र एकाही शूरवीराने बोट लावलं नाही. ते गेल्यावर हे मला म्हणाले, "अगं, तुला भीती नाही वाटली?" वाटली नाही कशी!

सैन्य गेलं. तेलाच्या विहिरी अजून जळत होत्या, दोरीवरचे कपडे काळे होत होते. मी स्वतः जाऊन बोल्ट अरबाबच्या हातात दिला. तेव्हा मला बहीण म्हणाला मेला.

काही महिन्यांनी त्याच्याकडे एक इंग्रज पाहुणा आला, जुन्या लष्करी रायफली जमवणारा. त्याने भिंग लावून भागन् भाग पाहिला. अशा रायफलींच्या मुख्य भागांवर एकच नंबर ठोकलेला असतो, आणि ते सगळे जुळले तर ती अस्सल मानतात. इथे सगळे जुळले, बोल्टचा सोडून. "हा दुसऱ्या रायफलचा आहे," साहेब म्हणाला आणि चहा प्यायला लागला. त्याचं काय जातंय!

अरबाबने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. पाहुण्यासमोर, वर्कशॉपच्या फोरमनसमोर ह्यांना विचारलं, "असली किधर बेचा?" का, तर ह्यांना त्या भागाची किंमत कळते म्हणून! जन्मात कुणाची टाचणी न उचललेला माझा नवरा. मी तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी हाताने थांबवलं.

ह्यांनी माझ्या पर्समधली काजळाची डबी मागितली. बोल्टच्या अंगावर दोन उंचवटे असतात, रायफलच्या आत जाऊन अडकणारे. त्यांना काजळाचं बोट लावलं, बोल्ट आत सरकवून बंद केला, पुन्हा बाहेर काढला. काजळ दोन्हीकडे सारखंच पुसलं गेलं होतं. "नवा आणून बसवलेला असता तर एकाच बाजूला टेकला असता," हे म्हणाले. "हा इथेच वर्षानुवर्षं घासून बसलाय. नंबर दुसरा असेल, पण बोल्ट ह्याच घरातला आहे." साहेबाने खांदे उडवले. नंबर म्हणजे नंबर, म्हणे.

मग हे अरबाबला म्हणाले, "घरात अशीच आणखी एखादी रायफल होती का?" होती. काकाची. दोघा भावांनी बरोबरच घेतलेल्या. वाळवंटात शिकारीला जायचे, आणि संध्याकाळी दोन्ही रायफली एकाच फडक्यावर खोलून वाळू पुसायचे. "मग ती आधी बघा," हे म्हणाले.

ती रायफल दस्मानला चुलतभावाकडे होती आणि चुलतभाऊ गावाला गेलेला. तो परत येईपर्यंत आमचे हे चोर! फोरमनने स्टोअरची किल्ली काढून घेतली. डबे खाताना लोक ह्यांच्यापासून लांब बसायला लागले, त्यात आपली मराठी माणसंही होती. घरी हे ताटावर बसायचे आणि भात चिवडत राहायचे. मी अरबाबला इतके शिव्याशाप दिले की शेवटी माझाच घसा बसला.

चुलतभाऊ आला, रायफल घेऊन आला. मी बजावून ठेवलं होतं, ह्या वेळीही मी येणार. तिचा बोल्ट काढला. त्याच्यावर अरबाबच्या रायफलचा नंबर! आणि मी जपलेल्या बोल्टवर काकाच्या रायफलचा. कधीतरी वाळू पुसताना दोन भावांकडून अदलाबदल झाली होती, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. साहेब खूश. अरबाबने चुलतभावाला मिठी मारली, खजूर आले, कॉफी आली. आता फोरमनला हाक मारील, त्याच्यासमोर चार शब्द बोलेल, म्हणून मी वाट बघत उभी.

अरबाब ह्यांच्याकडे वळला, खांद्यावर हात ठेवला. "खलास," म्हणाला. "मैंने तुमको माफ किया."

"माफ? कशाबद्दल?" मी ओरडलेच, मराठीतून. "ह्यांना चोर कुणी ठरवलं, ते आधी बोल!" कुणाला एक अक्षर कळलं नाही. साहेब हसला.

आणि हे मान झुकवून म्हणाले, "शुक्रन, अरबाब."

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "अहो, आभार कशाचे मानलेत त्याचे?"

ह्यांनी किल्ली फिरवून गाडी सुरू केली.

"सवय गं," म्हणाले.