टाकवलेला दगड

मुंबईच्या कलाशाळेतून शिकून मी घरी परतले तेव्हा पेटीत चार कपडे होते आणि एक लाकडाचं शिल्प. वडिलांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "यो कोन हाय गो?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"कोन नाय, तं मंग केलास कशाला?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. उरणजवळ जासईच्या बाजूला, खाडीकाठच्या आमच्या गावात पुतळा म्हणजे कुणाचा तरी. कलाशाळेत तरी काय वेगळं होतं? सर मला पुढाऱ्यांचे अर्धपुतळे करायला लावायचे आणि मी ते चांगले करायचे, अगदी मिशांसकट. पण मला कुणाचाच पुतळा करायचा नव्हता. दगड दगडच राहावा आणि तरी बघणाऱ्यानं त्याच्यापाशी थांबावं, एवढंच मला हवं होतं. याला अमूर्त म्हणतात, असं मी वडिलांना समजावलं.

"म्हंजे मूर्ती नाय ती मूर्ती," असं म्हणून ते मिठागरावर निघून गेले. ते तिथे मुकादम होते.

आज लोक मला 'पहिली', 'अग्रणी' असलं काहीबाही म्हणतात. तेव्हा गावात 'येडी' म्हणायचे. मला दोन्हींचा सारखाच कंटाळा आहे, पण खरं सांगायचं तर 'येडी' ऐकलं की हात जास्त चालायचा.

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. उरणच्या शाळेत चित्रकलेची जागा रिकामी होती आणि हेडमास्तर वडिलांच्या ओळखीचे. वडिलांनी मला एकच सवलत दिली. "एक दगड कर. मुंबईचे परदर्शनात घेतला, तं तू खरी. नाय घेतला, तं शालेत जायाचा. मंग दगडाचा नाव काराचा नाय." ते शब्दाचे पक्के होते आणि मीही. मी हो म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी दगड बघायला निघाले.

डोंगराच्या खाणीतून काळा दगड आला, माझ्या दोन हातांच्या कवेएवढा लांब. बैलगाडीवरून अंगणात उतरवायला सहा गडी लागले. चार महिने मी त्याच्याशी झगडले. लांबट, मधे किंचित खोलगट, एका टोकाला निमुळता असा तो आकार झाला. मग कुरुंदाचा दगड आणि पाणी घेऊन घासायला बसले. कलाशाळेच्या ग्रंथालयात एक विलायती पुस्तक होतं, त्यातली शिल्पं आरशासारखी चकचकीत असायची. मलाही तसंच हवं होतं. बोटांची सालटी निघाली, पण शेवटी दगडात आभाळ दिसायला लागलं. आई येता-जाता त्यात बघून कुंकू सारखं करायची. मी बाहेर हसायचे, आत मात्र शंका होती. तो दगड फार सुंदर झाला होता आणि मला त्याच्याकडे फार वेळ बघवत नव्हतं. का, ते कळत नव्हतं.

पाठवायला चार दिवस उरले. मोरा बंदरातून मीठ घेऊन मचवे मुंबईला जायचे, त्यातल्या एका तांडेलाला दगड घ्यायला राजी करायला मी सकाळीच गेले. दुपारी परतले तर अंगणातून टक टक आवाज येत होता.

दरवर्षी त्या दिवसांत एक टाकीवाली गावात यायची. मूळची सोलापूरकडची. पाटा-वरवंटा, जाती वापरून गुळगुळीत झाली की छिन्नी-हातोडीनं त्यांना पुन्हा टाके पाडून द्यायची. याला टाकवणं म्हणतात. त्या दिवशी ती आमच्या घरी आली, आईनं तिला भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं, आणि आई विहिरीवर गेली. खाल्ल्या भाकरीला जागावं म्हणून बाई अंगणातल्या सगळ्यात मोठ्या पाट्याकडे वळली.

एका टोकाचा हातभर दगड टाकवून झाला होता.

मी किंचाळले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला राग पटकन येतो, आणि तेव्हा तर मी पंचविशीची होते. ती बाई हातोडी मांडीवर ठेवून शांतपणे ऐकत राहिली. मला धाप लागली तेव्हा म्हणाली, "बाई, गावजेवनाचा पाटा दिसतुय ह्यो. पार गुळगुळीत झाला व्हता. म्हनून म्या टाकवाय घेतला. गुळगुळीत दगडावर काय ठरत न्हाई. खोबरं बी सरकतं."

मी पायरीवर बसून रडले. शाळा दिसायला लागली, फळा दिसायला लागला, फळ्यावर मी काढलेला पेरू दिसायला लागला. नवीन दगड चार दिवसांत होणार नव्हता. टाके पुन्हा घासून काढायचे म्हटलं तरी महिना गेला असता.

आई विहिरीवरून आली. तिनं घागर खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, दगडाकडे बघितलं. मग वाकून तिनं दगडावर हात फिरवला, गुळगुळीत टोकाकडून टाकवलेल्या भागाकडे. मधेच तिचा हात थांबला.

"हात आता ठरतंय गो," ती म्हणाली.

मी उठले आणि तसाच हात फिरवला. गुळगुळीत भागावरून हात सरकत आला आणि टाक्यांपाशी अडला. डोळ्यांचंही तेच झालं. ऊन एका बाजूनं घसरून जात होतं आणि दुसरीकडे प्रत्येक टाक्यात थोडं थोडं बसत होतं. इतके दिवस मला काय टोचत होतं ते त्या क्षणी कळलं. माझ्या दगडावर काहीच ठरत नव्हतं. मी त्या पुस्तकातला दगड घासत बसले होते, आमच्या अंगणातला नाही.

मला इतका आनंद झाला की मी त्या बाईला मिठीच मारली. ती घाबरून मागे सरकली. मघाशी शिव्या देणारी बया आता गळ्यात पडतेय म्हटल्यावर कोण घाबरणार नाही?

"मला शिकवा," मी म्हटलं.

"काय शिकवायचं त्यात? मनगट सैल सोडायचं. दगडाला मारायचं न्हाई, टोचायचं."

पुढचे दोन दिवस आम्ही दोघी समोरासमोर बसून टाकवत होतो. कुठे थांबायचं ते मी ठरवलं. खडूनं एक वाकडी रेघ मारली आणि तिच्यापलीकडे एकही टाका जाऊ दिला नाही. बाईला ते अजिबात पटलं नव्हतं. अर्धाच पाटा टाकवलेला कुणी बघितलाय, असं ती सारखी म्हणत राहिली. प्रदर्शनाच्या अर्जात शिल्पाचं नाव मी आधी 'प्रवाह' असं लिहिलं होतं. ते खोडलं आणि लिहिलं, 'पाटा'.

मिठाच्या पोत्यांमधे बसून माझा पाटा मुंबईला गेला. घेतला तर घेतलाच, वर त्या वर्षीचं पहिलं बक्षीसही त्यालाच मिळालं. मी सभागृहातल्या सभागृहात दोन उड्या मारल्या, नऊवारीचा काष्टा सांभाळत. एका परीक्षकांनी विचारलं, "हे कुठे शिकलात? परदेशात होता का?"

"हो," मी म्हटलं, "सोलापूरच्या एका बाईकडे." ते हसले नाहीत.

शेवटच्या दिवशी वडील आले, धुतलेलं धोतर आणि काळी टोपी घालून. माझ्या दगडाभोवती माणसं उभी होती. येत होती आणि थांबत होती. वडिलांनी वाट काढली आणि सरळ हात ठेवला. पहारेकरी ओरडला. भिंतीवर 'हात लावू नये' अशी पाटी होती.

"हात नाय लावाचा, तं समजंल कसा?" वडील त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "हेडमास्तरला सांगतंय, दुसरा कोनी बग."

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः गाडी जुंपून खाणीतून दुसरा दगड आणला, पहिल्याहून मोठा.

वर्षभरानं टाकीवाली परत आली तेव्हा मी त्या दुसऱ्या दगडापुढे बसले होते. तिनं अंगणभर नजर फिरवली. "गेल्या साली टाकवला त्यो पाटा कुटं हाय?"

"मुंबईला. विकत घेऊन मोठ्या इमारतीत ठेवलाय त्यांनी."

"किती मानसांचं वाटन वाटत्यात?"

"वाटत नाहीत. नुसतं बघतात."

ती विचारात पडली. मला वाटलं, आता ही हसणार. पण तिनं मान हलवली. "मंग ठीक हाय," ती म्हणाली. "वाटलं न्हाई तर झिजायचा न्हाई. त्यो काय आता पुन्ना टाकवाय लागत न्हाई, बाई. जलमभर तसाच ऱ्हातुय."

मग पदर खोचून ती माझ्यासमोर बसली, पिशवीतून छिन्नी काढली आणि नव्या दगडावर हात फिरवत विचारलं, "ह्यो कुटपतूर टाकवायचा?"