चर्चच्या आढ्यावरचे तीन ठोके

भूतबित मी कधी मानलं नाही. लोक सांगायचे, मी गुपचूप ऐकायची. चारचौघांत बोलायला मला जमत नाही, म्हणून पोरीच्या जुन्या वहीत लिहिते... माझं शिक्षण चौथीपर्यंतच.

सालेकसाच्या पुढं, रेल्वेलाइन ओलांडली की जंगलात आमचं गाव. गावात एक जुनं चर्च आहे. आम्ही ख्रिश्चन नाही, पण त्याच्या छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, दर उन्हाळ्यात आमचंच घर फेरतं. चर्च बर्फाच्या देशातल्या एका पादरीबाबानं बांधलं. भिंती हातभर जाड, खिडक्या लहान, आतून फळ्यांचं छत. आणि छप्पर एकदम उभं — त्याच्या गावी बर्फ घसरून पडावा म्हणून तसंच बांधतात म्हणे. इथं मोहफुलं घसरतात!

माझे आजेसासरे त्याच्या हाताखाली होते. बाबाला आपली बोली येत नव्हती, म्हणून ठोके ठरले. आढ्यावर कवेलूनं एक ठोका — कवेलू दे. दोन — बाजूला हो. तीन — मी अडकलो, वर ये. आम्ही अजून तेच वापरतो. तीन मात्र मी कधी ऐकले नव्हते.

मागच्या उन्हाळ्यात माझे मालक चर्चवर चढायला लागले. मी म्हटलं, "दोर बांधा ना जी."

"दोर कायले? मी का बकरा आहो?" ते हसले. "आपल्या घरावर चढतो, तसाच चढतो."

गाव तेंदूपानाला गेलेलं. मी दाराशी फुटके कवेलू वेचत होते. मालक पलीकडच्या उतारावर, मला दिसत नव्हते. बराच वेळ एकही ठोका नाही. हाक मारावी वाटलं, पण माझा आवाज कुठं निघतो...

मग ठीक डोक्यावर, आढ्यावर — टक. टक. टक.

मी जन्मात शिडी चढले नव्हते. दोर खांद्यावर टाकला आणि चढले. आढ्यापर्यंत पोचले तर तिथं कोणीच नाही! खाली, उताराच्या पार कडेला, उधईनं खाल्लेलं लाकूड मोडून मालक छातीपर्यंत आत गेलेले. वासा छातीत रुतलेला, तोंडातून आवाज नाही. मी दोर आढ्याला बांधला, तो धरून खाली सरकले, त्यांच्या काखेतून घेतला आणि ओरडले. इतकी ओरडले की पानं घेऊन परतणाऱ्या बाया धावत आल्या.

संध्याकाळी खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "तुले कसं समजलं?"

"तुम्हीच तर तीनदा ठोकलं ना जी."

त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले. कवेलूची कड घट्ट धरून धरून दोन्ही आडवे कापले होते.

"हात सोडला असता तं आतच गेलो असतो," ते म्हणाले. "कोणत्या हातानं ठोकू?"



यंदा त्यांनी न सांगता दोर बांधला. चढण्याआधी आढ्याकडे बघून हात जोडले. कोणाला, ते मी विचारलं नाही.