धोबीण आली, अक्का

अक्कांना सांगायची बातमी घेऊन मी अंबाझरीच्या बागेतून अक्षरशः पळत निघाले होते. फाटकाशी आमचे हे स्कूटर धरून उभे. स्वेटर उलटा घातलेला. "धोबीण आली होऽ!" मी लांबूनच ओरडले. जवळ गेल्यावर ते म्हणाले, "अक्का गेली वं…"

कमलअक्का माझ्या मोठ्या नणंद. यजमान वारल्यावर त्या धरमपेठेत आमच्याकडे राहायला आल्या. जीभ अशी तिखट, की सावजी रस्सा गोड लागावा. माझ्या पोळ्यांना नावं ठेवायच्या, भावाच्या टकलालाही. पण कोजागिरी उलटली की उजाडताच माझ्या दारावर थाप पडे. "ऊठ वं सुमन! बाग काय तुले उठवायले घरी येणार हाय?" मी कुरकुरत स्टोव्ह विझवायची आणि शाल गुंडाळून निघायची. तलावावर धुकं असे, गवतानं पातळाचे काठ भिजत. काठाजवळच्या बाकावर उन्हाला पाठ देऊन आम्ही संत्री सोलत बसायचो. दूर पाण्यात बदकं, तारेवर खंड्या… अक्कांचा जीव मात्र एका बोटभर पाखरात. राखाडी-पांढरं, शेपटी सारखी खालीवर, काठावर धुणं आपटल्यासारखी. त्याला त्या धोबीण म्हणायच्या. "हिमालयातून येते बिचारी," त्या मला डिवचायच्या, "अन् तुह्या माहेरच्यायले कामठीहून येणं होत नाही!"

थंडी शिवरात्रीला शिव शिव म्हणत जाते म्हणतात. अक्काही त्याच दिवसापासून बागेत जाणं बंद करायच्या. पहिल्या वर्षी मला नवल वाटलं. "काहून अक्का? धोबीण तर आहे अजून."

"म्हणूनच. येणं पाहावं वं, जाणं पाहू नये कोणाचं. मी एकदा पाह्यलं, पुरे झालं."

यजमानांच्या उशाशी त्या शेवटपर्यंत बसून होत्या, हे मला ठाऊक होतं. त्यानंतर भाचीला पोचवायला स्टेशनवर गेल्या तरी लाडवांचा डबा हाती देऊन, शिट्टी व्हायच्या आत माघारी वळायच्या. आम्ही त्यांची थट्टा करायचो.

यंदा दिवाळीतच दम्यानं त्यांना अंथरुणाला खिळवलं. आणि धोबीण काही दिसेना! रोज सकाळी मी बागेतून आले की त्यांची नजर दाराकडे, आणि मी मान हलवायची. "खोटं नको सांगू हं," एवढंच म्हणायच्या. त्या दिवशी पहाटेपासून श्वास लागला होता. मी त्यांचा हात धरून बसले होते. "मी आज नाही जात," म्हटलं.

"जा."

"अहो पण अक्का…"

"जा म्हटलं नं! आज आली असन ते. पाहून ये." त्यांनी माझा हात चक्क झटकला. इतकं बळ कुठून आलं होतं कोणास ठाऊक. मला वाटलं, हट्टीपणा. गेले.

आणि ती खरंच आली होती. आमच्या बाकाजवळच, शेपटी हलवत. मी एकटीच मोठ्यानं हसले.

आता मला राग येतो. हो, गेलेल्या माणसाचा राग! मला बागेत धाडलं आणि मागच्या मागे निघून गेल्या. आपण जे पाहिलं ते हिला पाहायला लागू नये, असंच त्यांच्या मनात असणार. माया होती, कळतं मला. पण शेवटचं पाणी माझ्या हातून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? मी कोणी परकी होते का?

परवा शिवरात्र झाली. काल सकाळी चपला घालत होते, तर हे म्हणाले, "आता काहून जाऊन राहिली? थंडी तं संपली." मी अक्कांची शाल खांद्यावर टाकली आणि गेले. बाकावर उन्हाचा कोपरा सवयीनं त्यांच्यासाठी मोकळा सोडला. धोबीण होती. अजून आहे. मी रोज जाणार आहे, ती दिसायची थांबेपर्यंत. अक्का रागावतील… रागावू देत. एकीचं जाणं माझं हुकलं. हिचं हुकू देणार नाही.