इंदुबाईंनी ओळखलेला ठसा

जोयडा तालुक्यातल्या रामनगरच्या बाजारात इंदुबाई पोतदार देवांचे चांदीचे टाक घडवतात. त्यांचे वडील, लखू सोनार, जाताना एकोणीस पंचधातूचे ठसे ठेवून गेले. त्यांतले पाच नुसत्या यल्लम्माचे. चांदीचा पत्रा ठशावर ठेवून ठोकला की देव उमटतो. पण बाईंचं नाव झालं ते दुसऱ्याच कामानं. अणशी, नंदिगड्ड्याकडची माणसं पूजेत झिजून गुळगुळीत झालेला यल्लम्माचा टाक आणतात आणि “असाच पायजे” म्हणतात. बाई तो उजेडात तिरका धरतात आणि पाचांतल्या ज्या ठशावर तो घडला, नेमकं त्यावर बोट ठेवतात. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत या नजरेची खबर जोयड्याबाहेर गेलेली नव्हती.

गेल्या वर्षी उळवीच्या जत्रेला त्यांची भाची पल्लवी बेंगळुरूहून आली. जुन्या नाण्यांचा लिलाव करणाऱ्या एका कंपनीत ती फोटो काढायची. तिनं लॅपटॉपवर १८२७ सालचे अमेरिकन चांदीचे अर्धे डॉलर दाखवले.

त्यातल्या एकावर बोट ठेवून ती म्हणाली, “ह्याला चरा पडलाय आत्ती, म्हणून बाजूला ठेवलंय.”

इंदुबाईंनी चष्मा पुसला. “चरा कोण म्हणतंय? चरा आत जातो. ही रेघ वर आलीया. ठसाच चिरला हुता, आनि चिरंत चांदी भरली.”

पल्लवी चकित झाली. तिनं सांगितलं, त्या काळी तारे, आकडे हातानं ठशात ठोकत, म्हणून दोन ठसे कधी सारखे होत नसत. त्या एका सालाचेच जवळजवळ पन्नास प्रकार आहेत. कंपनीचे जाणकार गणेश कामत यांनी या नाण्याचा प्रकार पुढच्या बाजूच्या ताऱ्यांवरून ठरवला होता.

“आनि पाठ कुणी बघायची?” इंदुबाईंनी विचारलं.

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. चित्रं मात्र वाचता येत होती. पल्लवीजवळच्या, या प्रकारांच्या सूचीतले फोटो त्यांनी तीन दिवस एकेक करून ताडून पाहिले. तारे कामतांच्या प्रकाराशी जुळत होते. नाण्याच्या पाठीवरच्या ‘५० सेंट’मधला पाचाचा आकडा मात्र सूचीतल्यापेक्षा सरकलेला होता. चौथ्या दिवशी त्या स्वतःहून म्हणाल्या, “चल, मी येतो तुझ्यासंगं.”

बेंगळुरूच्या ऑफिसात कामतांनी सगळं ऐकून घेतलं आणि कन्नडमध्ये म्हणाले, “अम्मा, यात माझी वीस वर्षं गेलीत.”

“माझी चाळीस गेली,” इंदुबाई कन्नडमध्येच म्हणाल्या. “नाणं उलटं करा.”

बाईंनी नाणं उजेडात तिरकं धरलं. त्यांनी आधी पाचाचा आकडा दाखवला, मग वर आलेली रेघ. कामतांनी भिंग लावलं. मग सूचीची पानं उलटू लागले. एका पानावर थांबले, पुन्हा नाणं पाहिलं, आणि उठून स्वतःची खुर्ची पुढे सरकवली.

“बसा अम्मा. पुढचा ठसा तोच, मागचा दुसरा. ही जोडी फार थोड्यांनी पाहिलीय. माझी चूक झाली.”

संध्याकाळपर्यंत त्यांनी आणखी एकतीस नाणी इंदुबाईंसमोर मांडली. दोन ठिकाणी दोघांचं जमलं नाही, तेव्हा कामतांनी आवाज चढवला, बाईंनीही चढवला, आणि पल्लवीला हसू आवरेना.

कामतांनी नाण्याचे फोटो अमेरिकेतल्या अभ्यासकांना पाठवले. आठवड्यानं त्यांचा मेल आला: बाईंचं म्हणणं बरोबर होतं. लिलावाच्या छापील यादीत त्या नाण्याखाली ओळ आली, ‘ठसा ओळखला: इंदुबाई पोतदार, रामनगर’. यादी घेऊन त्या बाजारात दुकानोदुकानी गेल्या. इंग्रजी वाचता येणाऱ्या कापडवाल्या सावित्रीनं विचारलं, “काय हाय गं ह्यात?”

“माझं नाव हाय,” इंदुबाई म्हणाल्या. “मोठ्यानं वाच.”